मागे राहणारा बास

मालेगाव (जहांगीर), जि. वाशीम
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

तीर्थरूप गोविंदसिंग काकांना,
अंजनाचा नमस्कार.

तुमचा बास जबलपूरहून सुखरूप पोचला. दिवाळीच्या आधी ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला आणि आमचे हे बाजारात वांगी उतरवून त्याच गाडीत पेटी घेऊन आले. पेटीला तुम्ही चारी बाजूंनी घोंगडी शिवली होती. ती उसवायलाच मला अर्धा तास लागला. एवढं मोठं पितळी वाद्य, पण बासला कुठे साधा पोचासुद्धा नाही.

कळवायला मी पाच दिवस उशीर केला. सणाची गडबड हे कारण सांगता आलं असतं, पण ते खरं नाही. आधी एक सूर नीट काढावा आणि मग लिहावं, असं मनात होतं. तसा सूर निघाला नाही म्हणून आता आहे तसं लिहिते.

तुम्ही बाबांना बास शिकवलात आणि बाबांनी मला, पण तो छोटा, तीन पिस्टनचा. बाबा गेल्यावर सहा वर्षं मी तोच वाजवला. गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत त्याची खालची नळी उकलली. डाग दिलेला आहे, पण त्यावर भरवसा नाही. हे मी तुम्हाला सहज कळवलं होतं. त्यावर तुम्ही स्वतःचा बास पाठवाल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. की होतं? कळवताना थोडीशी आशा असावी. माझ्या वहीत मी त्या दिवशी 'काकांकडे मोठा आहे' असं लिहिलेलं आता सापडलं. माफ करा.

आता बासबद्दल. भाजीच्या काट्यावर ठेवला तर साडेदहा किलो भरला. भोंगा एवढा मोठा की आमच्या घराच्या दारातून आडवा होऊन येतो. पिस्टन वरून दाबायची माझी सवय, इथे चार चपट्या पट्ट्या दाबायच्या आणि आत व्हॉल्व्ह गोल फिरतात. दाबल्याचं बोटाला कळतच नाही, इतकं हलकं. जुन्याचा भोंगा माझ्या उजव्या खांद्यावर असायचा, याचा डाव्या. नळ्यांत साचलेलं पाणी काढायला अख्खा बास ट्रकच्या स्टेअरिंगसारखा गोल फिरवावा लागतो. ते पाहून शेजारच्या भागिरथाबाई हसत आपल्या घरात गेल्या आणि सुनेला घेऊन परत आल्या.

आमच्या बचत गटाच्या बँडमध्ये आम्ही अकरा बायका आहोत. त्यांना अजून दाखवलेला नाही. आधी मला काही जमू दे.

चौथ्या व्हॉल्व्हचं काय करायचं ते लिहा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं तुम्ही वाचत नाही, म्हणून पत्राचीच वाट बघते.

तुमची,
अंजना

*

जबलपूर
१३ नोव्हेंबर

अंजना पोरी, खुशाल राह्य.

बास पोचला म्हून वाचलं अन जीव थंड झाला. घोंगडी माह्या नातीनं, रुचिकानं शिवली. मी फक्त सुई ओवून द्याले बसलो होतो अन थेबी जमलं नाई.

चौथा व्हॉल्व्ह म्हंजे पहिला अन तिसरा दोन्हीचं काम एकटा करते. मंगळवार-शुक्रवार तेल देजो, तीन थेंब, जास्त नाई. पिस्टन काढून पुसतात तसं हे व्हॉल्व्ह खोलून पाहाचे नाई. खोलले तर मंग माह्यासारखा कारागीर पाह्यजे अन मी तर इकडं हाये. तुह्या बापानं एकदा माह्या घड्याळाचं पोट खोललं होतं, थे घड्याळ अजून बंद हाये. तुमच्या घराण्याची सवय हाये थे, म्हून सांगून राह्यलो.

दम मोठा लागन. छाती फुगवू नोको, पोट फुगव. गाल तर बिलकूल नाई.

अन चालतानाचा नेम ध्यानात ठेव. मी पलटनीत बावीस वर्ष हाच नेम पाळला अन तुह्या बापालेबी हाच शिकवला. डावी टाच जमिनीले लागली की सूर. टाचेच्या आंधी नाई, टाचेच्या मागून नाई. बास म्हंजे बँडचा पाय हाये. बाकीचे कितीबी नाचले तरी पाय जागेवर पडला पाह्यजे.

बायकांना लवकर दाखव. वाद्य लपवून ठेवाची चीज नोहे.

तुहा,
गोविंदसिंग काका

*

मालेगाव
२ डिसेंबर

तीर्थरूप काकांना नमस्कार.

तुमच्या पत्राप्रमाणे तेल देते आहे. व्हॉल्व्ह खोललेले नाहीत. बाबांच्या घड्याळाची गोष्ट मी इथे सगळ्यांना वाचून दाखवली.

पंधरा दिवस शेतात सराव केला. घरात भिंती हादरतात. जागेवर उभं राहून वाजवला की सूर फार सुंदर येतो. खोटं वाटेल, पण खालचा सूर लांबवला तेव्हा आमचे हे मोटर बंद करून ऐकत उभे राहिले. लग्नाला तेवीस वर्षं झाली, माझ्यासाठी त्यांनी मोटर कधी बंद केलेली नाही. त्या आठवड्यात मी फार समाधानात होते आणि थोडी गर्वातही, असं वहीत दिसतं.

मग शिरपूरचं लग्न आलं, २४ तारखेला.

रुख्मिणीबद्दल तुम्हाला सांगायला हवं. ती साइड ड्रम वाजवते आणि बँडची मास्तरीण तीच. स्वभावाने कडक, पण हातात ताल असा की घड्याळ लावून घ्यावं. वरात निघाली आणि दहा पावलांत तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग दर ओळीला पाहू लागली. मी टाच पाहत होते, काका. टाच पडली की सूर, एकदाही चुकले नाही. तरी सूर मागून येत होता. माझ्या पुढे क्लॅरिनेटवर सपना असते. ती म्हणाली, तिला वाटलं मागून दुसरीच वरात येते आहे.

जेवताना रुख्मिणीने सगळ्यांसमोर विचारलं, "अंजना, तू वाजवून राह्यली का आमची वाट पाहून राह्यली?" सगळ्या हसल्या, मीही हसले. ती नाही हसली. पुढे म्हणाली की वरात पुढे जाते आणि आपला बास रुसलेल्या पाव्हण्यासारखा मागून येते, लोक हे पाहून पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत.

तिचंही चुकत नाही. इकडे आता चाकांच्या गाडीवर कॅसिओ ठेवतात, एक माणूस बसून बोटाने सगळा बास काढतो. आम्हाला तशी गाडी मिळते आहे. रुख्मिणीने सांगितलं की आता लग्नं थांबतील, धनजचं लग्न फेब्रुवारीत आहे. तोवर बास तालात आला तर ठीक, नाही तर गाडी घ्यायची आणि मी झांजा धरायच्या. झांजा धरण्यात कमीपणा नाही. पण मला बास सोडायचा नाही. हे एवढं मला स्पष्ट माहीत आहे, बाकी काहीच नाही.

म्हणून विचारते. चूक माझ्यात आहे की हा बासच उशिरा बोलतो? तुम्ही हा बँडमध्ये चालताना वाजवला असेल. तेव्हा तुमचाही सूर मागे राहायचा का? राहत असेल तर तुम्ही काय केलंत?

अंजना

*

जबलपूर
११ डिसेंबर

अंजना,

तुह्यं पत्र भेटलं. बास तुले झेपत नसन तर त्याच पेटीत परत पाठवून दे. ट्रान्सपोर्टचं भाडं मी इकडं देतो. त्यात लाजाचं काई नाई.

गोविंदसिंग

*

मालेगाव
१९ डिसेंबर

तीर्थरूप काकांना नमस्कार.

तुमचं चार ओळींचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. माझं काहीतरी चुकलं आहे. माझं आधीचं पत्र मला जसंच्या तसं आठवत नाही, पण वहीत त्याचा कच्चा मसुदा आहे. तो काढून पाहिला. 'हा बासच उशिरा बोलतो का' हे वाक्य तुम्हाला लागलं असेल. दिलेल्या वस्तूला नावं ठेवल्यासारखं ते झालं. तसं मनात नव्हतं. दोष माझ्या फुफ्फुसांचा असेल, वयाचा असेल. चव्वेचाळिसाव्या वर्षी नवीन वाद्याला हात घालायचा म्हणजे हे होणारच.

आज सकाळी पेटी काढली. घोंगडीही ठेवलेली होती. बास पुसला, आत ठेवला. मग सुई-दोरा घेऊन बसले आणि एका बाजूची शिवण घातली. हे आत आले, पाहिलं आणि म्हणाले, "त्यायनं मांगतला का?" म्हटलं, हो, तसंच. त्यांनी पत्र मागितलं, वाचलं, आणि म्हणाले की ह्यात मागितलं असं कुठे लिहिलं आहे, झेपत नसेल तर पाठव असं लिहिलं आहे. मग विचारलं, "तुले झेपत नाई का?"

मी शिवण उसवली.

काका, मी बास अजून पाठवत नाही. तुमची नाराजी असेल तर एका ओळीत 'पाठव' एवढं लिहा, मी दुसऱ्या दिवशी पाठवते. पण मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही, हेही मला दिसतं आहे. उलट विचारते म्हणून रागावू नका. तुम्ही हा कुठे वाजवलात?

अंजना

*

जबलपूर
२९ डिसेंबर

अंजना बेटा,

तुह्यं पत्र रुचिकानं आंधी वाचलं. मंग माह्यासमोर पाटी धरली. मले काई सांगाचं असलं की थे पाटीवर लेहते. तिनं लेहलं, "आजोबा, बिचारी रडत असेल." मी म्हटलं, माणिकरावची पोरगी रडाची नाई. तिनं लेहलं, "मग खरं सांगा तिला." पोरगी वकिली शिकून राह्यली, तिच्यासंग वाद नाई पुरत.

तं आता खरं सांगतो.

हा बास मी पलटनीत वाजवला नाई. पलटनीतला बास तुह्या बापाच्या बाससारखाच होता, तीन पिस्टनचा. हा मी मंग घेतला, पेन्शनीवर आल्यावर. इकडं आमचा रिटायर फौजी लोकायचा बँड हाये. दर इतवारी मैदानात जमतात अन सव्वीस जानेवारीले वाजवतात. मले आयुष्यभर हौस होती की एकदा मोठा, फिरत्या व्हॉल्व्हचा बास आपला असावा. मुंबईच्या एका दुकानातून मांगवला. नवरीसारखा घरी आणला.

दोन महिने वाजवला, पोरी. फक्त दोन महिने. पहिल्याच इतवारी आमचा ड्रमवाला म्हणाला, गोविंद, तेरा बास पीछे आ रहा है. दुसऱ्या इतवारी बी थेच. मी टाच पाहून वाजवत होतो. बावीस वर्षाचा नेम, चुकन कसा? त्याच दिवसायत माह्या कानात शिट्टी वाजाले लागली होती. मंग मी मनात म्हटलं, टाच चुकत नाई, तं कान गेले. ज्याले ताल ऐकू येत नाई त्यानं बँडमंधी काहून राहावं? कोणी मले काढाच्या आंधी मीच निघालो. सगळ्यायले सांगितलं, कंबर धरली. सहा वर्ष झाले. इतवारी मी त्या मैदानाच्या रस्त्यानं जात नाई, दुसऱ्या रस्त्यानं दूध आणतो. पुढं कान खरंच गेले. म्हून मले वाटलं, मी बरोबरच समजलो होतो.

बास कोपऱ्यात पडला होता. रुचिका त्याच्या भोंग्यावर ओढणी वाळवे. तुह्या पत्रात छोटा बास फुटल्याचं वाचलं अन पाठवला. त्यात थोडा स्वार्थ होता. वाटलं, पोरीच्या हातात बरोबर वाजला म्हंजे पक्कं होईन का माहे कानच होते. मंग शांत बसता येईन. अन तू लेहलं का सूर मागून येते.

मले भेव वाटलं. बासच तसा असन तं मी सहा वर्ष फालतू घरी बसलो, असं होते. थे मले जाणून घ्याचं नोहोतं. म्हून लेहलं का परत पाठव. परत आला असता तं पुन्हा ओढण्या वाळवल्या असत्या.

तुह्या प्रश्नाचं उत्तर असं हाये का मले माईत नाई. मी काई इलाज केला नाई. मी उठून घरी आलो.

बास ठेव. नाई जमलं तं झांजा धर. पण जे दिसन थे मले लेह्य. मले बरं वाटावं म्हून काई लेहू नोको.

गोविंदसिंग

*

मालेगाव
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप काकांना नमस्कार.

तुमच्या पत्राला मी सव्वा महिना उत्तर दिलं नाही. तुम्ही वाट पाहिली असेल. पण 'बरं वाटावं म्हणून लिहू नको' असं तुम्ही लिहिलं होतं आणि मला नेमकं तसंच लिहावंसं वाटत होतं. 'दोष बासचाच' असं मी त्याच दिवशी लिहून टाकलं असतं. मला ते माहीत नव्हतं, म्हणून थांबले. आता जे घडलं ते क्रमाने लिहिते.

जानेवारीत रोज दुपारी शेतात सराव चालू होता. मोबाईलमध्ये रुख्मिणीच्या ड्रमचं रेकॉर्डिंग, तो पोलक्याच्या खिशात, आणि मी शेताच्या धुऱ्यावरून ये-जा करते. शंभर फेऱ्यांचा नेम. टाच पडली की सूर, आणि सूर मागे. रोज तेच.

१४ तारखेला, संक्रांतीच्या दिवशी, विजेची दिवसाची लाईन होती म्हणून ह्यांनी कांद्याला पाणी सोडलं होतं. पाण्याचा दांड फुटला आणि पाणी धुऱ्याच्या वाटेवर आलं. माझ्या अठ्ठावन्न फेऱ्या झाल्या होत्या. शंभर पूर्ण करायच्या म्हणून मी चपला काढल्या आणि तशीच पाण्यातून चालत राहिले. चिखल पोटरीला लागत होता, वर साडेदहा किलो. दोन-तीन फेऱ्यांनंतर ह्यांनी फावड्यावर हात ठेवून मान वर केली. म्हणाले, "आज काय केलं? आज बरोबर येऊन राह्यलं."

मी म्हटलं, काही नाही. खरंच काही केलं नव्हतं. पुन्हा चालून पाहिलं. बरोबर येत होतं. मग वाळलेल्या भागात चालून पाहिलं, सूर मागे. पुन्हा पाण्यात, बरोबर. असं बऱ्याच वेळा केलं, तेव्हा लक्षात आलं. पाण्यात पाय पडतो तो आधी पाण्याला लागतो, मग चिखलात जातो, मग खालच्या घट्ट जमिनीला टाच टेकते. माझी फुंक तळवा पाण्याला लागताच सुटत होती. टाच खाली पोचेपर्यंत सूर भोंग्यातून बाहेर आलेला असायचा. छोट्या बासमध्ये फुंक आणि सूर एकाच वेळी होतात. ह्या बासच्या पोटात एवढी नळी आहे की फुंक आत शिरून सूर होईपर्यंत तेवढा वेळ जातो.

म्हणजे मी तुमचा नेम मोडला, काका. आता मी कोरड्या रस्त्यावर चार बोटं पाणी आहे असं धरून चालते. पाणी लागलं की फुंकते, जमीन लागली की सूर येतो. सूर टाचेवरच पडतो, तुम्ही सांगितलं होतं तिथेच. फुंक तेवढी आधी.

हे समजल्यावरही मी तुम्हाला लिहिलं नाही. कारण ह्यावरून एवढंच ठरतं की मी मागे पडत होते. तुमचं काही ठरत नाही. कदाचित मी अडाणी म्हणून पडत असेन.

म्हणून वाशीमच्या विकासला बोलावलं. तो आम्हाला नवीन चाली शिकवायला येतो. त्याच्या घरचा बँड आहे आणि वीस वर्षं तो छोटा बास वाजवतो. त्याला मी कशासाठी ते सांगितलं नाही. रुख्मिणीला ड्रम घेऊन भिंतीकडे तोंड करून उभं केलं. ती म्हणाली, शाळेत अशी शिक्षा मिळायची. विकासने आधी बाबांचा डाग दिलेला बास वाजवत अंगणात फेरी मारली. रुख्मिणी म्हणाली, बरोबर. मग तुमचा दिला. तिसऱ्या पावलाला ती न वळताच म्हणाली, "ही अंजना." विकास एवढा चिडला की पुन्हा वाजवला. पुन्हा मागे. चार वेळा वाजवला, चारही वेळा मागे. मग मी पाण्याच्या हिशोबाने वाजवला. रुख्मिणी म्हणाली, "हा विकास."

आता मला जे लिहिता येतं ते एवढंच आहे. विकासचे कान शाबूत आहेत. सपनाने पलीकडच्या गल्लीतून हळूच नाव घेतलं तरी तो वळून पाहतो. तोही ह्या बासवर मागे पडला, टाचेच्या नेमानेच पडला. तेव्हा ज्याला छोट्या बासची सवय आहे तो ह्यावर पहिल्यांदा मागे पडतोच, कान कसेही असोत. तुमचे कान त्या वेळी किती गेले होते हे मला माहीत नाही. थोडे गेलेही असतील. शिट्टी वाजत होती असं तुम्हीच लिहिता. ते मी इथे बसून सांगू शकत नाही आणि सांगणार नाही. पण सूर मागे येण्याला कानांची गरज नव्हती. तो बरे कान असतानाही मागेच आला असता. त्या ड्रमवाल्याने तुम्हाला अजून एक महिना दिला असता, किंवा तुम्ही स्वतःला दिला असता, तर तुम्हीही ते शोधून काढलं असतं. हे शेवटचं वाक्य मात्र माझा अंदाज आहे. ते वेगळं धरा.

धनजचं लग्न सात तारखेला झालं. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत वरात होती, अर्धा किलोमीटर. मी चार बोटं पाण्यातून चालले. रुख्मिणीने एकदाही मान वळवली नाही. मी ते मोजत होते म्हणून सांगते, एकदाही नाही. मांडवाजवळ नवरदेवाचे काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि भोंग्यात वाकून पाहू लागले, आत मशीन आहे का म्हणून. जेवायला बसल्यावर रुख्मिणीने माझ्या पानात स्वतःच्या पानातला बुंदीचा लाडू ठेवला. म्हणाली, "गाडीचं पुढच्या सालाले पाहू." तिच्याकडून हे फार झालं.

बास आता डाव्या खांद्यावर जड वाटत नाही. परवा जुना उचलला तर तोच परका वाटला. थोडं वाईट वाटलं, बाबांचा म्हणून. पण वाजवायला मी हाच घेते.

तुम्ही तेव्हा पाठव म्हणाला होतात आणि मी पाठवला नाही. आता पुन्हा विचारते. हा तुमचा आहे, आणि आता तो कसा वाजवायचा ते तुम्हालाही कळलं आहे. हवा असेल तर सांगा, घोंगडी अजून आहे.

अंजना

*

जबलपूर
२१ फेब्रुवारी

अंजना बेटा,

बास तुह्या जवळ राह्यन. हा इषय संपला. त्या घोंगडीवर कोणाले तरी झोपू दे.

तुह्यं पत्र मी दोन दिवस खिशात ठेवलं अन तिसऱ्या दिवशी घरात चार बोटं पाणी धरून चालून पाह्यलं. हातात बास नाई, नुस्ती फुंक. रुचिका पाहून राह्यली होती. तिनं पाटीवर लेहलं, डॉक्टरकडे जायचं का? मी म्हटलं, नाई, बरोबर येऊन राह्यलं.

माह्या कानाचं तुले माईत नाई, असं तू सीधं लेहलं. म्हून बाकीचं खरं वाटलं. सगळंच गोड लेहलं असतं तं मी फाडून फेकलं असतं.

काल इतवार नोहोता, पण मी त्या मैदानाच्या रस्त्यानं गेलो, रस्ता पाहाले. तिथं आता गेट बसवलं. परवा इतवार हाये. सकाळी सात वाजता थे लोक जमतात. मी जाणार हाये. कंबरेचं खोटं बोललो होतो, थे आंधी सांगीन. थो ड्रमवाला अजून हाये म्हणतात. त्याले तुह्यं पत्र देईन. रुचिका त्याचं हिंदी करून राह्यली, विकासवाल्या पानापासून.

त्यायचं वाजवणं मले ऐकू येणार नाई. पण त्यायले वाचता येते.

तुहा,
गोविंदसिंग काका